ओतीव ब्राँझचा रंग : ब्रह्मपुरी ते शिवाजी चौक

कोल्हापूरला आलात म्हणजे अंबाबाईचे दर्शन होते, रंकाळा होतो, जमल्यास पन्हाळाही होतो. टाउन हॉलच्या बागेत मात्र लोक सावलीला बसतात आणि आतले संग्रहालय न पाहताच उठतात. पुढच्या खेपेला तसे करू नका. आत एक लहानशी ओतीव मूर्ती आहे. वीतभरही उंचीची नाही. दाढीवाला, उघड्या अंगाचा, हातातला त्रिशूळ हरवलेला असा हा पुरुष आपल्याकडचा कोणी देव नव्हे. हा ग्रीकांचा समुद्रदेव, पोसायडन. समुद्र घाटाच्या पलीकडे, आणि हा देव सापडला पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकडीत!

या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार यांच्या देखरेखीखाली खोदकाम झाले. त्यापाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केले व त्याचा अहवाल १९५२ साली छापून निघाला. टेकडीच्या पोटात सातवाहनांच्या काळचे गाव निघाले. विटांची घरे, मणी, नाणी आणि ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा. त्यात हा पोसायडन होता, आरसा होता, परदेशी घडणीची भांडी होती, आणि अंगावर माणसे बसलेला एक सुबक हत्तीही होता. त्या काळी रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांची गलबते आपल्या चौल, कल्याण, सोपारा या बंदरांना लागत. एका ग्रीक खलाश्याने लिहून ठेवलेल्या माहितीत, इकडे येणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नावे आहेत. व्यापाराची ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचली असेल, शिक्षकबंधूंनी शिकवलीही असेल. मला आज बोलायचे आहे ते त्या मूर्तीच्या अंगावरच्या रंगाबद्दल. सुमारे अठराशे वर्षे मातीत राहिलेल्या धातूवर जो थर चढतो, तो मळ की इतिहास? आणि तो घासून काढावा की नाही?

हा प्रश्न संग्रहालयापुरता नाही. दर पावसाळ्यानंतर आपल्याकडे कोणाच्या तरी नांगराला शिवराई लागते, कोणाच्या विहिरीच्या खोदाईत एखादी मूर्ती वर येते. घरी आणल्यावर पहिले काम काय होते? चिंच, मीठ आणि राख घेऊन ती वस्तू लख्ख घासली जाते. मग गावातले गुरुजी येतात, आणि तोवर नाण्यावरचे अक्षर गेलेले असते.

हे का होते ते समजून घेण्यासाठी आधी धातूची ओळख करून घेऊ. आपण ज्याला कांसे म्हणतो, ज्याची वाटी पायाच्या तळव्याला तूप लावून घासतात, त्यात तांब्याबरोबर कथील बरेच असते, शंभरात वीस-बावीस भाग. म्हणून कांसे वाजते छान आणि आपटले तर फुटते. मूर्ती ओतण्यासाठी कथील कमी घालतात, साधारण दहा भाग, कधी थोडे शिसे, म्हणजे रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. यालाच ब्राँझ म्हणायचे. पितळ वेगळे, त्यात जस्त असते. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा, ही रीत फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ती दिली आहे, आणि मेण आधी तोलून घ्यावे म्हणजे धातू किती लागेल ते कळते, असा व्यवहारी सल्लाही दिला आहे.

साच्यातून निघालेली मूर्ती कशी दिसते? पुष्कळांना वाटते, काळसर किंवा हिरवी. तसे नाही. साफ केलेले नवे ब्राँझ गुलाबी झाक असलेल्या सोन्यासारखे असते. ते तसे राहत नाही, इतकेच. हवेतला प्राणवायू तांब्याला धरतो आणि प्रथम एक तांबडा-तपकिरी थर येतो. पुढे पाणी आणि कर्बवायू यांच्या संगतीने त्यावर हिरवा थर चढतो. गिरण्यांच्या, मोटारींच्या धुराचे गाव असेल तर त्यात गंधकाचा अंश येतो, समुद्रकाठ असेल तर मिठाचा. तुमच्या घरातल्या बायका हे सगळे रसायनशास्त्र न शिकता जाणतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, ते याच कुळातले. बाजारात हिरव्या थराला जंगाल म्हणतात.

आता लोखंडाचा गंज आणि ब्राँझचा हा थर यांत एक मोठा फरक आहे, आणि सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. लोखंडाचा गंज सुटून पडतो, खालचे नवे लोखंड उघडे पडते, ते गंजते, असे करत नांगराचा फाळ संपतो. ब्राँझवरचा चांगला थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. झाडाला साल तशी धातूला ही साल. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा नव्या हंड्यासारखा तांबूस होता. त्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा. वीस वर्षांत तो हिरवा पडू लागला तेव्हा त्याला रंग द्यावा अशी टूम निघाली होती. लोकांनी आरडाओरडा केला आणि रंग राहिला. शंभरी भरताना, १९८६ च्या सुमारास, मोठी दुरुस्ती झाली ती आतल्या गंजलेल्या लोखंडी सांगाड्याची. बाहेरची हिरवी साल तशीच ठेवली.

या सालीचे कौतुक आजचे नाही. आपला पोसायडन ज्या काळातला, त्याच काळाच्या आसपास प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक होऊन गेला. डेल्फी हे त्यांचे तीर्थक्षेत्र. तिथल्या देवळाच्या वाटेवर जुन्या नौसेनापतींचे ब्राँझचे पुतळे उभे होते. प्लुटार्कने एक संवाद लिहिला आहे. त्यात पाहुणे त्या पुतळ्यांवरची निळसर झाक पाहून थबकतात आणि वाद घालतात : ही झाक कारागिरांनी काही औषध लावून आणली, की धातूच्या मिश्रणाने आली, की डेल्फीच्या हवेने? समुद्रावर लढलेल्या माणसांच्या अंगावर समुद्राचाच रंग चढला आहे, असे त्यात कोणी गमतीने म्हणते. त्याच्या थोडे आधी होऊन गेलेला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की जुने लोक पुतळ्यांना डांबरासारखा लेप देत. म्हणजे रंग काळाने चढतो तसा माणूसही चढवतो, आणि धातू झाकण्याची युक्तीही तितकीच जुनी, हे दोन हजार वर्षांपूर्वीच लोकांना ठाऊक होते.

माणसाने मुद्दाम रंग चढवण्याची आपल्या दख्खनातली उत्तम कला म्हणजे बिदरी काम. बिदर काही आपल्याला दूर नाही. ते काम ब्राँझचे नव्हे. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततात, त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवतात, आणि मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून गरम भांड्याला लावतात. भांडे काळेकुळकुळीत होते आणि चांदी मात्र पांढरीच राहते! शेवटी तेलाचा हात फिरवला की काळा रंग खुलतो. तोच नवसागर तुमच्या दारात येणारा कल्हईवाला वापरत असे. त्याने भांडे उजळायचे, बिदरच्या कारागिराने काळे करायचे. हत्यार एक, हात निराळे.

आता टेकडीवरून खाली चौकात या. कोल्हापूरला ओतकामाची परंपरा आहे हे उद्यमनगरच्या आणि शिरोलीच्या फाउंड्र्या पाहिल्या की कळते, पण तिथे मुख्यतः यंत्रांचे भाग निघतात. पुतळ्यांच्या ओतकामात ज्यांचे नाव प्रथम घ्यावे ते कलामहर्षी बाबूराव पेंटर. लोक त्यांना ‘सैरंध्री’ चित्रपटासाठी आणि स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यासाठी ओळखतात. पण हा माणूस मूळचा मेस्त्री घराण्यातला, आणि पुतळा घडवून तो ओतण्यापर्यंतची सगळी विद्या त्यांनी हात काळे करून मिळवली. भवानी मंडपाजवळच्या चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत तो विद्रूप करण्यात आला आणि पुढे हलवावा लागला. त्या जागी १९४५ साली बाबूरावांनी घडवलेला शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. म्हणजे ब्रह्मपुरीत परका देव मातीतून वर येत होता त्याच सुमारास हाकेच्या अंतरावर परका गव्हर्नर चौथऱ्यावरून खाली उतरत होता. इतिहासाच्या मास्तराला असे योगायोग फार आवडतात, माफ करा. पुढच्या काळात रवींद्र मेस्त्रींनी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा घडवला. कावळा नाक्यावरून येता-जाता तुम्ही तो पाहिला असेल.

असा पुतळा साच्यातून निघाला की काम संपले असे समजू नका. मोठा पुतळा बहुधा तुकड्यातुकड्यांनी ओततात. ते तुकडे जोडायचे, जोड छिन्नीने आणि कानशीने एकजीव करायचे. तरी जोडाचा रंग वेगळा दिसतोच. मग रंग चढवण्याचे काम सुरू होते. प्रथम पुतळा तेलाच्या डागाशिवाय स्वच्छ करतात. बोटाचा ठसासुद्धा राहिला तर तिथे रंग धरत नाही. मग एकेक भाग ज्योतीने तापवतात. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे, इतपत. त्यावर ब्रशाने पातळ द्रावण मारतात. गंधक आणि पोटॅश यांचे द्रावण असेल तर तपकिरीपासून काळ्यापर्यंत छटा येते. लोखंड नत्राम्लात विरघळवून झालेल्या क्षाराने तांबूस तपकिरी येते. तांब्याच्या तशाच क्षाराने हिरवी. एकदा मारून भागत नाही. पातळ हात, पुन्हा ज्योत, पुन्हा पातळ हात. घाई करून दाट द्रावण मारले तर रंग दिसतो, पण पापुद्र्यासारखा सुटतो. निघणारा धूर घातक असतो, म्हणून हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून आणि तोंडाला चांगला मुखवटा बांधून करायचे. घरी प्रयोग करून पाहण्यासारखे ते नाही, शाळेत तर नाहीच. शेवटी धातू कोमट असतानाच त्यावर मेण चोळतात. ते बारीक छिद्रांत वितळून बसते, आणि थंड झाल्यावर मऊ फडक्याने घासले की आतल्या रंगाला खोली येते. ज्या मेणाने मूर्ती जन्माला आली तेच तिला शेवटी पांघरूण म्हणून मिळते. मेणाऐवजी पारदर्शक लाखेसारखा लेपही देतात. तांब्याचा गंज रोखणारे औषध मिसळलेले असे लेप १९६० नंतरच्या काळात निघाले. ते टिकतात बरे, पण चिरा पडल्या की सगळा लेप उतरवून पुन्हा द्यावा लागतो. उन्हापावसातल्या पुतळ्याला माझ्या मते मेण बरे. उतरले तर नुसते पुन्हा लावायचे.

आता तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप कशाला? सोन्यासारखा चमकणारा पुतळाच का ठेवू नये? त्याचे उत्तर भर दुपारी चौकात उभे राहिले की मिळते. चकाकणाऱ्या धातूवर ऊन पडले की नुसता झगमगाट दिसतो, चेहरा दिसत नाही. गडद रंगावर उजेड आणि सावली नीट पडते, भुवई, मिशी, शेल्याची चुणी लांबून ओळखू येते. शिल्पकाराने तो रंग विचार करून निवडलेला असतो. तो त्याच्या कामाचा भाग असतो.

आणि आपण काय करतो? जयंती जवळ आली की समितीचे उत्साही कार्यकर्ते डबा आणि ब्रश घेऊन शिडीवर चढतात. सोनेरी रंगाचा एक हात, कुठे काळ्या ऑइलपेंटचा. भावना चांगली असते, याबद्दल शंका नाही. पण तो रंग छिन्नीच्या बारीक रेषा बुजवतो. दोन उन्हाळ्यांत त्याला चिरा पडतात, चिरांतून पावसाचे पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. मग पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक हात. अशी पाच-सात वर्षे गेली की नाकडोळे बोथट होतात आणि मूळ रंग कोणता होता हे सांगायला कोणी उरत नाही. अभिषेकाचे दूध, ओला गुलाल, कुजलेले हार आणि कबुतरांची विष्ठा यांचेही तेच. यांत आंबट आणि खारट अंश असतो. अभिषेक करू नका असे सांगणारा मी कोण! पण त्याच दिवशी संध्याकाळी दोन घागरी स्वच्छ पाणी ओतून पुतळा धुऊन काढला तर कोणाच्याच भावनेला धक्का लागणार नाही. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, जाणत्या माणसाकडून मेणाचा एक हात द्यावा. खर्च ऑइलपेंटपेक्षा फार जास्त येत नाही.

पण मातीतून निघालेल्या वस्तूची गोष्ट निराळी, तिच्याकडे पुन्हा वळतो. तिथे धोका दोन बाजूंनी आहे. शेकडो वर्षे जमिनीत राहिलेल्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो. तो त्या हिरव्या-तांबड्या थरात जपलेला असतो. शिवराईवरचे ‘श्री राजा शिव’ हे अक्षर, मूर्तीच्या पाठीवरचा एखादा बारीक लेख, कधी ज्या कापडात ती वस्तू गुंडाळून पुरली त्या कापडाची वीणसुद्धा त्या थरात उमटून राहते. चिंचेतले आम्ल हा थर विरघळवते. खाली निघतो तो खड्ड्याखड्ड्यांचा कोरा धातू. तो चकाकतो खरा, पण बोलत नाही.

दुसरा धोका मिठाचा. चिंचेबरोबर मीठ चोळले की त्याचा अंश छिद्रांत राहतो. काही जमिनींतूनही तो आलेला असतो. तांब्याशी त्याचा संयोग होऊन आत एक क्षार दडून बसतो. हवा कोरडी आहे तोवर तो गप्प असतो. दमटपणा वाढला, आणि कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको, की तो जागा होतो. पाणी आणि प्राणवायू यांच्या मदतीने आम्ल तयार होते, ते नवे तांबे खाते, त्यातून पुन्हा तोच क्षार. वरून दिसते ते एवढेच, की घट्ट गडद हिरव्यात कुठेतरी फिकट, पोपटी रंगाची भुकटी वर येते आणि बोट लावले की झडते. जाणकार याला ब्राँझचा रोग म्हणतात. गव्हावरचा तांबेरा जसा वेळीच ओळखावा लागतो तसाच हाही. फरक एवढाच, की तांबेरा वाऱ्याने शेजारच्या वावरात जातो. हा रोग ज्या वस्तूच्या पोटात क्षार आहे तिलाच खातो. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत अशी वस्तू सौम्य द्रावणात अनेक दिवस बुडवून क्षार काढतात, मग गंज रोखणारे औषध देतात आणि वर लेप देऊन कोरड्या कपाटात ठेवतात. घट्ट गडद थराला मात्र ते हात लावत नाहीत.

देवघरातल्या टाकांचे काय, असे कोणी विचारील. ते रोज घासले जातात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि खंडोबाच्या घोड्याचे पाय नाहीसे होतात. मला त्यात दुःख वाटत नाही. ती पूजेतली वस्तू आहे, घरातल्या चार-सहा पिढ्यांच्या हातांनी ती झिजली, आणि ती झीज हाही त्या घराचा इतिहासच आहे. पण आज शेतात सापडलेल्या अनोळखी मूर्तीला आजच देवघरातला नियम लावू नये. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यातील दायमाबादला, झाडाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला चार ओतीव वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारी मिळून साठ किलोंहून जास्त वजन. मोडीच्या भावाने विकल्या गेल्या असत्या तर? त्या अभ्यासकांच्या हाती आल्या, धातूची तपासणी झाली, त्यात सोमल निघाला, आणि त्या किती जुन्या यावर विद्वानांत अजूनही वाद होतो. वाद होऊ शकतो, कारण वस्तू शिल्लक आहेत.

तेव्हा काही सापडले तर ते पाण्यात घालू नका, तेल लावू नका, कुंकू-शेंदूरही तूर्त नको. चिकटलेली माती तशीच राहू द्या. कोरड्या कागदात सैल गुंडाळा, हवाबंद पिशवीत ओलसर ठेवू नका. कोणाच्या गटात, किती हात खोल, शेजारी विटा होत्या की खापरे, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. हे काम गावातल्या शिक्षकाइतके चांगले कोणी करणार नाही, आणि शाळेतल्या मुलांना दाखवायचे ते याच टप्प्याला दाखवावे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तो कायदा १८७८ सालचा आहे आणि आजही चालू आहे. कळवल्यावर नेमणूक झालेला माणूस येईपर्यंत चार दिवस लागतील, कधी चार आठवडेही. तेवढ्यात घरातील कोणी तरी चिंच भिजत घालील, तिकडे लक्ष ठेवा.